ब्रेकची फुटलेली नळी

(रेडिओवरील भाषण)

श्रोतेहो, आपल्या घरीं रोज सकाळीं दूध येतें, भाजी येते, स्वयंपाकाच्या गॅसची टाकी येते आणि वैशाखांत आंब्याची पेटी येते. हें सारें कोणत्या ना कोणत्या मालमोटारींतून येतें. ती मोटार चालते कशी, हें पुष्कळांस ठाऊक असतें. तिच्या पोटांत इंजिन आहे व त्यांत डिझेल जळतें, इतकें तरी शाळेंतलें पोरही सांगेल. परंतु दीड टन माल लादलेली ती जड गाडी उतारावरून येत असतां एका माणसाच्या पायाच्या दाबानें थांबते कशी, आणि एकादे दिवशीं थांबत नाहीं ती कां, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. माझीही गोष्ट निराळी नव्हती. मीं तीस वर्षें शाळेंत पदार्थविज्ञान शिकविलें. द्रवाच्या दाबाचा नियम दरसाल फळ्यावर लिहिला. तथापि त्या नियमावर किती जणांचे जीव अवलंबून असतात, हें मला एका संध्याकाळीं कोंकणांतल्या एका उतारावर कळलें. त्या संध्याकाळची हकीकत, आणि तिच्यांतून मला जें शिकावयास मिळालें तें, आज आपणांस सांगावयाचें आहे.

देवगड तालुक्यांत आमची आंब्याची लहानशी बाग आहे. ती माझे थोरले बंधु पाहतात. माल नेण्यासाठीं त्यांच्यापाशीं एक जुना छोटा ट्रक आहे. अशा ट्रकला हल्लीं सगळे 'पिकअप' म्हणतात. तीन वर्षांपूर्वीं मे महिन्यांत आम्ही बागेंतून पेट्या भरून घराकडे निघालों. पुतण्या गाडी चालवीत होता व मी शेजारीं बसलों होतों. तेथील रस्ता चांगलाच उताराचा असून तळाशीं ओढ्यावर एक मोरी आहे. मोरीच्या अलीकडे वळण लागतें. त्या वळणावर पुतण्यानें नेहमींप्रमाणें ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवला, आणि चिखलांत पाय रुतावा तसें तें पेडल खालीं गेलें. समोर तांबडा दिवा लागला. पोरगा घाबरला नाहीं. त्यानें पेडल भराभर दोन-तीन वेळां दाबलें, गिअर खालचा टाकला आणि हातब्रेक हळूहळू ओढला. गाडी मोरीच्या दहा-बारा हात अलीकडे थांबली. मोरीच्या कठड्यावर दोन मुलें पाय सोडून बसलीं होतीं. त्यांनीं एकदां मान वर करून आमच्याकडे पाहिलें आणि पुन्हां तीं आपल्या गप्पांत दंग झालीं. काय टळलें, याची त्यांना कल्पनाही नव्हती.

खालीं उतरून बॅटरीच्या उजेडांत पाहिलें, तों मागच्या चाकांकडे जाणारी एक बारीक नळी एका जागीं फुटली होती व तिच्यांतून द्रव ठिबकत होता. घर तेथून हांकेच्या अंतरावर, सपाटीवर होतें. आम्ही मुलांना बाजूला केलें, पेट्या उतरविल्या आणि पांच-सहा जणांनीं मिळून गाडी ढकलीत अंगणांत आणली. ज्या नळीनें हा प्रसंग आणला ती जाडीला आपल्या शिसपेन्सिलीहूनही बारीक होती.

आतां या नळीचें काम काय, तें पाहूं. ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा द्रवांच्या समतोलावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ सालीं प्रसिद्ध झाला. बंद भांड्यांतील द्रवावर एका ठिकाणीं दाब दिला असतां तो दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा त्याचा सिद्धांत आपण शाळेंत शिकलेलों आहों. मोटारीचा ब्रेक म्हणजे या सिद्धांताचेंच एक उदाहरण होय. पेडलच्या पुढें एक नळकांडें असतें. त्याला 'मास्टर सिलिंडर' म्हणतात. त्यांत दट्ट्या असतो. पेडल दाबलें कीं दट्ट्या पुढें सरकतो व नळ्यांतील द्रवावर दाब पडतो. तोच दाब प्रत्येक चाकापाशीं असलेल्या दुसऱ्या दट्ट्यांना ढकलतो, आणि ते दट्टे घर्षणाचे गट्टे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीवर किंवा पिंपावर आवळतात.

थोडासा हिशेब करून पाहूं. आपण पायानें ३० किलोचा भार दिला. पेडल ही एक तरफच आहे. तिच्यामुळें तो भार पांचपट, म्हणजे १५० किलो झाला. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचें क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर धरलें, तर द्रवावर दर चौरस सेंटिमीटरला ५० किलो दाब आला. पुढच्या चाकाच्या दट्ट्याचें क्षेत्रफळ २५ चौरस सेंटिमीटर असेल, तर त्यावर साडेबाराशें किलोंचा रेटा पडला! शिवाय इंजिनच्या साहाय्यानें चालणारें एक मदतीचें यंत्र बहुतेक गाड्यांत असतें, तें वेगळेंच. जोरानें ब्रेक दाबला म्हणजे नळींतला दाब दर चौरस सेंटिमीटरला ७० ते १०० किलोंपर्यंत जातो. आपल्या स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकरमध्यें वातावरणाच्या वर जेमतेम एक किलो दाब असतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या बारीक नळीवर काय भार आहे, याची कल्पना येईल.

अशा रीतीनें चाकें थांबविण्याची युक्ति अमेरिकेंतील माल्कम लॉकहीड यानें व्यवहारांत आणली. त्याला १९१७ सालीं तिचा परवाना मिळाला. १९२१ च्या सुमारास ड्यूसेनबर्ग नांवाच्या मोटारीला चारी चाकांवर असे ब्रेक बसूं लागले. त्यापूर्वीं ब्रेक लोखंडी सळया आणि तारा यांनीं ओढले जात. सळई एका बाजूस थोडी सैल झाली कीं एक चाक आधीं थांबे व गाडी त्या अंगाला खेंचली जाई. द्रवामध्यें असा पक्षपात नाहीं. तो सर्वांना सारखा दाब वांटतो. परंतु या गुणाबरोबर एक अवगुणही आला. दाब सर्वत्र सारखा असल्यामुळें एका जागीं वाट फुटली, कीं सगळाच दाब नाहींसा होतो.

येथें आगगाडीची आठवण होणें साहजिक आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउस यानें १८६९ मध्यें आगगाडीसाठीं हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक काढला. आरंभीं त्यांतही हाच दोष होता. नळी तुटली कीं ब्रेक गेला. तेव्हां त्यानें १८७२ मध्यें ती योजना उलट केली. नळींत नेहमीं दाबलेली हवा ठेवावयाची आणि ती कमी झाली कीं ब्रेक आपोआप लागावा, अशी व्यवस्था त्यानें केली. डबा तुटून वेगळा झाला तर तो आपोआप थांबूं लागला. मोठ्या अवजड ट्रकांना हवेचेच ब्रेक असतात, व त्यांतही हवा संपली असतां दणकट स्प्रिंगा चाकें जखडून टाकतात. म्हणजे तेथें बिघाडाचा परिणाम थांबणें हा असतो. छोट्या ट्रकांचे व घरगुती मोटारींचे ब्रेक मात्र द्रवाचे. तेथें बिघाडाचा परिणाम न थांबणें हा असतो. त्यावर तोड म्हणून एका सिलिंडरांत दोन दट्टे व नळ्यांचीं दोन स्वतंत्र कुटुंबें करण्यांत आलीं. एक फुटलें तरी दुसरें शाबूत राहावें. अमेरिकेंत १९६८ पासून प्रवासी मोटारींना ही व्यवस्था कायद्यानें आवश्यक झाली. त्या संध्याकाळीं आम्हांला वांचविलें तें या दुसऱ्या कुटुंबानें. आमची मागच्या चाकांची नळी गेली. पुढच्या चाकांची राहिली.

मग असा प्रसंग आल्यास काय करावें? पेडल भराभर दाबून पाहावें. थोडा दाब पुष्कळदां मिळतो. एकेक करून खालचे गिअर टाकावे, म्हणजे इंजिनच गाडीला मागें ओढतें. हातब्रेक एकदम खेंचूं नये, नाहींतर मागचीं चाकें घसरतात. तो हळूहळू ओढावा. इंजिन बंद करूं नये. कारण सुकाणू हलकें करणारी व ब्रेकला मदत करणारी शक्ति त्याच्यापासूनच मिळते. आणि गाडी एकदां थांबली म्हणजे, 'आतां जरा हळू नेऊं' असें म्हणून ती पुन्हां रस्त्यावर चालवूं नये.

नळी फुटली कां, याचें उत्तर तिच्याकडे पाहतांच मिळालें. ही नळी पोलादाची असते व तिच्या भिंतीची जाडी सुमारें पाऊण मिलिमीटर असते. तिच्यावर गंज येऊं नये म्हणून लेप दिलेला असतो. पण चाकांनीं उडालेल्या खड्यांनीं तो खरवडला जातो. समुद्रकांठची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांचें काम तेथून सुरू होतें. नळी जेथें चिमट्यानें गाडीच्या सांगाड्याला अडकविलेली असते, तेथें चिखल साचतो व ओल धरून ठेवतो. आमची नळी नेमकी अशा चिमट्याखालीं फुटली होती. वरवर पाहणाऱ्याला ती जागा दिसतच नाहीं.

हा केवळ कोंकणचा शाप आहे असें मात्र कोणी समजूं नये. अमेरिकेच्या उत्तर भागांत हिवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि तेथील ट्रकांच्या नळ्या याच रोगानें फुटतात. १९९९ ते २००३ च्या सुमारच्या लाखों पिकअप व तत्सम गाड्यांविषयीं तेथील सरकारच्या महामार्ग सुरक्षा खात्यानें दीर्घ काळ चौकशी चालविली. २०१५ मध्यें ती बंद करतांना खात्यानें गाड्या परत बोलाविण्याचा हुकूम दिला नाहीं. गंज हा जुन्या गाड्यांचा सार्वत्रिक रोग आहे असें ठरवून मालकांना नळ्या तपासण्याचा, गाडीचें पोट धुण्याचा आणि गंजलेल्या नळ्या बदलण्याचा सल्ला दिला. म्हणजे राखण अखेर ज्याची त्यानेंच करावयाची, असा त्या चौकशीचा मथितार्थ निघाला.

आतां आमच्या अंगणांत परत येऊं. रात्र झाली होती. पेट्या ओसरीवर रचलेल्या होत्या व दुसऱ्या दिवशीं त्या वाशीच्या बाजाराला निघावयाच्या होत्या. दादांचें म्हणणें स्पष्ट होतें. "पुढचे ब्रेक लागताहेत ना? मग ती मागची नळी ठोकून बंद करून टाका. चार खेपा होऊं द्या. नळीचें मग बघूं." ही युक्ति कांहीं दादांनीं शोधून काढलेली नाहीं, ती रस्त्यावर पुष्कळ चालते. दुसरी युक्ति फुटलेल्या भागावर रबराची नळी चढवून तारेनें आवळण्याची. तिसरी शीतकपाटाची तांब्याची नळी बसविण्याची, आणि चौथी पाण्याच्या नळाचा पितळी जोड घालण्याची.

या चारी युक्त्या कां वाईट, तें थोडक्यांत सांगतों. नळी ठोकून बंद केली म्हणजे मागचीं चाकें ब्रेकवांचून राहतात, आणि मालानें भरलेल्या ट्रकचा मोठा भार तर मागच्याच चाकांवर असतो. शिवाय ज्या दुसऱ्या कुटुंबानें आम्हांला वांचविलें तें आतां एकटें पडलें. तें फुटलें तर मागें कोणी नाहीं. रबराची साधी नळी व पाण्याचा जोड हे कुकरच्या शंभरपट दाबासाठीं केलेलेच नसतात. तांब्याची गोष्ट अधिक फसवी आहे. तांब्याची नळी हातानें सहज वांकते, गंजत नाहीं व दिसावयास सुरेख दिसते. परंतु गाडीच्या सततच्या हादऱ्यांनीं तांबें कठीण होत जातें व अखेर तडकतें. मात्र तांब्यांत सुमारें दहा टक्के निकेल मिसळून केलेली ब्रेकचीच नळी मिळते; ती गंजत नाहीं, बेतानें वांकते व दाबही सोसते. समुद्रकांठीं तर तीच उत्तम.

मी दादांना इतकेंच म्हणालों, "दादा, मोरीवर दोन पोरें बसलीं होतीं." दादा थोडा वेळ बोलले नाहींत. मग उठून आंत गेले आणि भाड्याच्या गाडीसाठीं फोन करूं लागले. ती गाडी दुसऱ्या दिवशीं दुपारीं मिळाली. पेट्यांना एक दिवस उशीर झाला व भावही थोडा उतरला. हें नुकसान मी मुद्दाम सांगतों आहें. कारण ब्रेक नीट करावा हें कोणालाही पटतें, पण त्याची किंमत अशा रीतीनें रोख मोजावी लागते, तेव्हांच माणसाची परीक्षा होते.

दुरुस्ती घरींच करावयाची ठरली, कारण ब्रेक नसलेली गाडी तालुक्याच्या गांवापर्यंत न्यावयाची कशी, हा प्रश्न होता. पुतण्यानें औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत मोटारदुरुस्तीचें शिक्षण घेतलेलें आहे आणि हें काम त्यानें पूर्वीं हाताखालीं राहून केलेलें होतें. ज्यानें तें कधीं पाहिलेलेंही नाहीं त्यानें भाषण ऐकून तें करूं नये, कारागिराला घरीं बोलवावें, असें माझें सांगणें आहे. मात्र काम कसें होतें हें सर्वांनीं समजून घेण्यासारखें आहे. म्हणजे तें नीट झालें कीं नाहीं, हें तरी विचारतां येतें.

पुतण्यानें सकाळीं जाऊन नळी, नट व ब्रेकचें ऑइल आणलें. नळीचें तोंड फुलविण्याचें हत्यार एका ओळखीच्या कारागिराकडून मागून आणलें. गाडी सपाट व टणक जमिनीवर घेतली. पुढच्या चाकांना पुढून-मागून लांकडी ठोकळे लावले, मागची बाजू जॅकनें उचलली आणि आंसाखालीं दोन भक्कम लोखंडी घोड्या ठेवल्या. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं शिरणें म्हणजे स्वतःच्या छातीवर ट्रक टांगून घेणेंच होय.

जुन्या नळीचे नट गंजानें घट्ट बसलेले असतात. साध्या पान्यानें त्यांचे कोपरे झिजून ते गोल होतात. म्हणून नटाला जवळजवळ सर्व बाजूंनीं धरणारा, एका बाजूस फट असलेला खास पाना लागतो. नटांवर आदल्या रात्रींच गंज सोडविणारें तेल घातलेलें होतें. नट सुटल्यावर जुन्या नळीच्या वांकांवरून एक दोरी फिरवून लांबी मोजली. नवी नळी करवतीनें कापली नाहीं, कारण त्यानें कीस आंत पडतो. लहान चाकाच्या कातरीनें तिच्याभोंवतीं फिरवीत कापली, तोंड घासून गुळगुळीत केलें व आंतून साफ केलें.

यानंतरची क्रिया या कामाचा कळस आहे. नळीचें तोंड नटाच्या आंत घट्ट बसावें म्हणून तें फुलवावें लागतें. एकदां फुलविलेली कड पातळ राहते व चिरते. यासाठीं ती आधीं बाहेर फुगवून मग आंत दुमडतात. पदराला दुहेरी मुडप घालावी तसाच हा प्रकार. अशी दुहेरी कडच ब्रेकला चालते. फुलविण्याच्या तऱ्हा गाडीगणिक वेगळ्या असतात व एकीची जोडी दुसरीशीं जमत नाहीं. म्हणून जुन्या नळीचें तोंड समोर ठेवूनच काम करावें. आणखी एक गंमत सांगतों. पुतण्यानें पहिल्या प्रयत्नांत तोंड अगदीं सुबक फुलविलें; मग पाहतो तों नट बाहेरच राहिलेला! फुललेल्या तोंडावरून तो आंत जाईना. तेवढा तुकडा कापून टाकावा लागला. प्रत्येक कारागीर ही चूक एकदां करतोच म्हणे.

नळी वांकवितांना ती चेपूं नये म्हणून गोल वस्तूभोंवतीं बेताबेतानें वांकवितात. मूळ वाटेनेंच ती नेली, धुराच्या नळीपासून व हलणाऱ्या भागांपासून दूर ठेवली, आणि प्रत्येक चिमटा साफ करून पुन्हां लावला. मोकळी सोडलेली नळी हादऱ्यानें घांसून महिन्या-दोन महिन्यांत फुटूं शकते. नट आधीं बोटांनीं फिरवून पाहिले व मग पान्यानें आवळले; पहिल्यापासून पाना लावला तर आटे वांकडे बसतात.

आतां माझें काम सुरू झालें. नळी बसली तरी तिच्यांत हवा असते. द्रव दाबला असतां जवळजवळ आकसत नाहीं. हवा मात्र आकसते. ५० किलोंच्या दाबाखालीं हवेचा बुडबुडा आपल्या पन्नासाव्या हिश्शाएवढा होतो, आणि पायाची सारी मेहनत त्याला चेपण्यांत खर्च होते. मास्टर सिलिंडर एका दाबांत सुमारें चहाच्या दोन चमच्यांएवढाच द्रव ढकलतो. सारा खेळ एवढ्याशा द्रवाचा. त्यांत अर्धा चमचा हवाही पेडल खालीं जाण्यास पुरेशी आहे. म्हणून ही हवा काढावी लागते.

प्रत्येक चाकापाशीं एक बारीक पोकळ स्क्रू असतो. त्याला पारदर्शक नळी लावून तिचें दुसरें टोंक थोडें ऑइल असलेल्या बाटलींत बुडवितात. मी आंत बसलों, पुतण्या खालीं. इंजिन बंद होतें व पेडल अगदीं तळाला जाऊं नये म्हणून त्याखालीं लांकडाचा ठोकळा ठेवला होता. जुन्या सिलिंडरांत दट्ट्या नेहमींपेक्षां पुढें गेला तर आंतलीं रबरें फाटण्याचा संभव असतो. "काका, दाबा." मीं दाबलें. "धरून ठेवा." त्यानें स्क्रू सोडला, पेडल खालीं गेलें, बाटलींत बुडबुडे आले. त्यानें स्क्रू आवळला. "आतां सोडा." त्यानें आवळल्याशिवाय मीं पाय उचलावयाचा नाहीं, एवढीच माझी जबाबदारी, आधीं उचलला तर हवा परत आंत शिरते. आधीं सर्वांत लांबचें चाक घ्यावयाचें, म्हणून आमच्या गाडींत मागचें डावें, नंतर मागचें उजवें, नंतर पुढचीं. दर पांच-सहा दाबांनीं वरच्या डब्यांत ऑइल घालावें लागतें. तो रिकामा झाला तर सगळें काम पहिल्यापासून. कांहीं ट्रकांत मागच्या आंसाजवळ मालाच्या वजनाप्रमाणें ब्रेक कमी-जास्त करणारी झडप असते. आंस लोंबकळत राहिला तर ती वाट अडविते. म्हणूनच घोड्या आंसाखालीं ठेवावयाच्या. ज्या नव्या गाड्यांत चाकें जखडूं न देणारी विजेवरची यंत्रणा आहे, तेथें हा क्रम व रीत वेगळी असूं शकते. तिच्या पुस्तकांत पाहूनच काम करावें.

ब्रेकच्या ऑइलविषयींही दोन शब्द. नांव ऑइल असलें तरी तें तेल नव्हे. त्यांत इंजिनचें तेल चुकूनही घातलें तर रबरें फुगून ब्रेक निकामी होतो. डबीवर 'डॉट ३' किंवा 'डॉट ४' असें लिहिलेलें असतें. गाडीला जें सांगितलें असेल तेंच घालावें. तें हवेंतला ओलावा शोषून घेतें. कोरडें डॉट ३ निदान २०५ अंशांना उकळतें. ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. घाटांत ब्रेक तापले कीं असें ऑइल उकळून वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच आकसते. म्हणून कधींकाळीं उघडून ठेवलेली अर्धी बाटली वापरूं नये. तें रंगावर सांडलें तर रंग जातो, डोळ्यांत गेलें तर फार आग होते. सांडल्याबरोबर पाण्यानें धुवावें.

शेवटीं परीक्षा. इंजिन चालूं करून मीं पेडल पूर्ण जोरानें दाबलें व एक मिनिट तसेंच धरलें. तें दगडासारखें टणक राहिलें, किंचितही खालीं सरकलें नाहीं. पुतण्यानें प्रत्येक जोडाखालून कोरडें फडकें फिरवून आणलें. तें कोरडेंच राहिलें. मग अंगणांत पावलाच्या वेगानें, मग रिकाम्या रस्त्यावर सपाटीला, आणि मग तालुक्याच्या कारागिराकडे. त्यानें सर्व पाहून एकच प्रश्न विचारला, "बाकीच्या नळ्या कधीं बदलणार?" प्रश्न बरोबर होता. एक नळी गंजून फुटली म्हणजे तिच्याच वयाच्या व तिच्याच पावसांत भिजलेल्या तिच्या बहिणी फार मागें नसतात. त्याच आठवड्यांत त्याही बदलल्या, आणि मगच गाडींत पेट्या चढल्या.

श्रोतेहो, आपणांपैकीं बहुतेकांवर गाडीखालीं शिरण्याची पाळी येणार नाहीं. तरी महिन्यांतून एकदां ब्रेकच्या ऑइलची पातळी पाहणें, ती उतरत असल्यास नुसती भर न घालतां गळती शोधणें, तांबडा दिवा लागला असतां 'उद्यां पाहूं' न म्हणणें आणि पावसाळा संपल्यावर गाडीचें पोट धुवून नळ्यांवर उजेड पाडून घेणें, एवढें कोणत्याही घराला जमण्यासारखें आहे. आणि कारागीर जेव्हां म्हणेल कीं जोड चालणार नाहीं, सगळी नळी बदलावी लागेल, तेव्हां त्याच्याशीं घासाघीस करूं नये.

आमची ती गाडी अजून त्याच उतारावरून येते. वळणाच्या बऱ्याच अलीकडे, रस्ता अगदीं मोकळा असला तरी, पुतण्या एकदां पेडलवर पाय ठेवून पाहतो. मोरीच्या कठड्यावर संध्याकाळीं पोरें बसलेलीं असतात. गाडी दिसली कीं तीं हात हलवितात.